आमच्या जावयाला आत सोडायचं का?

बाबांच्या मयताला अख्ख्या भांडुपला आत सोडलं. फक्त त्यांच्या जावयाला गेटवर अडवलं.

आज तेरावं झालं. इतके दिवस गप्प होते, आता लिहिते.

माझी धाकटी बहीण मनीषा. तिचा नवरा डॅनियल, केनियाचा. अंधेरीला एका शिपिंग ऑफिसात अकाउंट्स बघतो. मनीषा त्याला तिथेच भेटली. दोघं वर्सोव्याला राहतात.

लग्नाचं कळल्यावर बाबांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. विक्रोळीच्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला मालवणी माणूस, हट्ट सोडतोय कसला!

मग एका रविवारी त्याला जेवायला बोलावलं. परीक्षाच होती ती.

डॅनियल तिकडच्या मोठ्या सरोवराच्या काठी वाढलेला. त्याने सुरमईचं डोकं असं साफ केलं की ताटात नुसती हाडं.

बाबा बघतच राहिले. म्हणाले, "ह्या पोराक खावक येता."

विषय संपला. त्या दिवसापासून डॅनियलचा दानू झाला.

पहिल्या दिवाळसणाला दानू आमच्या हॉलमध्ये चकल्या खात बसला होता, आणि सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. लिफ्टपाशी उभा, पाठमोरा.

"एक नायजेरियन बी विंगमध्ये शिरलाय. हे ड्रग्जवाले असतात. मुलांना खाली पाठवू नका."

बाबांनी चष्मा लावून वाचलं. मग एका बोटाने टाइप केलं, "तो माझा जावई आहे. केनियाचा. सणाला आला आहे."

मेसेज डिलीट झाला. खाली हात जोडलेले इमोजी आले. सॉरी कोणी म्हटलं नाही.

ज्यांनी फोटो टाकला होता त्यांच्या घरून संध्याकाळी फराळाचं ताट मात्र आलं. चिवडा मऊ पडला होता.

त्यानंतर दानू यायचा असला की बाबा आधीच खाली जायचे. गुडघे गेलेले, तरी जायचे. वॉचमनच्या केबिनपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायचे. तो दिसला की उठायचे, "इलंस? चल वर," म्हणत त्याचा हात धरून आणायचे.

बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, "सावंतकाका, जावयाचे काय हो लाड!"

"एकच तर जावय आसा. त्याका आणूक मी नाय जातलंय तर कोण जातलो?"

मी लग्न केलं नाही, त्यामुळे एकच हे खरंच. आणि सगळे हसायचे.

घरात यावर कधीच बोलणं झालं नाही. बाबा म्हणायचे, पाय मोकळे करून येतो. दानूला कळत होतं. मला कळत होतं. मला फार राग यायचा. सासऱ्याने जावयासाठी जामीन राहिल्यासारखं गेटवर बसायचं, ते पण स्वतःच्या घराच्या!

बाबा सकाळी गेले. झोपेतच. मनीषा आदल्या दिवसापासून आमच्याकडेच होती. दानू वर्सोव्याहून निघाला.

तोवर माणसं येत राहिली. नातेवाईक, कारखान्यातले जुने लोक, फुलवाला, कुणाचे कोण. एक काका तर भलत्याच सावंतांच्या मयताला आलेले. बाबांच्या पाया पडले, मग तोंड बघून हळूच निघून गेले. त्यांनासुद्धा गेटवर कोणी हटकलं नव्हतं.

तिरडी बांधून झाली. मनीषा म्हणत होती, दानू आल्याशिवाय हलवायचं नाही. म्हातारे घड्याळ बघत होते.

तेवढ्यात फ्रिजवर चार्जिंगला लावलेला बाबांचा फोन वाजायला लागला.

गेटचं ॲप. आमच्या फ्लॅटला त्यांचाच नंबर दिलेला.

स्क्रीनवर दानूचा फोटो. हातात हार, डोळे सुजलेले. खाली विचारलं होतं, पाहुण्याला आत सोडायचं का?

एक हिरवं बटण. एक लाल.

बाबा समोर जमिनीवर होते. नाकात कापूस.

मी हिरवं दाबलं आणि तशीच अनवाणी खाली धावले.

दानू केबिनच्या बाहेर उन्हात उभा होता. त्याच्या बाजूने दोन माणसं सरळ आत गेली. माझ्यासमोर.

"इनको क्यों रोका?"

"मॅडम, कमिटी का ऑर्डर है. फॉरेनर को एंट्री के बिना नहीं छोड़ने का."

मागून शेजारच्या काकू म्हणाल्या, "जाऊ दे गं, वॉचमन नवीन आहे."

"नवीन आहे, पण ऑर्डर कोणाची आहे, काकू?"

त्या वळून लिफ्टकडे गेल्या. त्यांचे मिस्टर कमिटीवर आहेत.

मी दानूला विचारलं, "अरे, मला फोन का नाही केलास?"

"काय सांगू, ताई? तुम्ही दोघी बाबांजवळ बसलेल्या. आणि मी फोन करून सांगू, मला आत घ्या?"

आवाजही चढवला नव्हता त्याने. चढवला की लोक पोलीस बोलावतात, हे तो शिकलाय.

वर आला. बाबांच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. खांदा दिला. मनीषाने आणि त्याने मिळून अग्नी दिला.

दहाव्याला घाटावरून परतताना मी म्हटलं, "दानू, रविवारी येत जा रे. मी येईन ना खाली घ्यायला."

त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली.

मग म्हणाला, "बाबांना मला नाही म्हणता येत नव्हतं. तुला म्हणतो. नको, ताई. तूच ये आमच्याकडे."

बाबा, आज तुमच्या आवडीचं सगळं केलं होतं. मनीषा एकटी आली. दानू आला नाही.

मी त्याला आग्रह केला नाही, बाबा. कुठल्या तोंडाने करू?

तुम्ही नीट जा.