पाठ फिरवून बोललो ते

विलासला मी फसवलं. शेठने नाही, नशिबाने नाही — मी. हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

गोडदेवला माझा गाळा होता, स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा. लांज्याहून आलो, दुसऱ्याच्या पॉलिशच्या मोटारीपुढे बसून काळाठिक्कर झालो, मग स्वतःच्या मोटारी घेतल्या. कुणाचे उपकार नाहीत. भाव करायला लागलो की भाजीवालीही हात जोडते, आणि डोकं तापायला मला वेळ लागत नाही. हे कबूल करायला सोपं आहे. पुढचं तसं नाही.

विलासला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. जेसल पार्कला बहिणीकडे राहायचा. तीच त्याला घेऊन आली. मी त्याला का ठेवला? चारचौघांत सांगायचो, "अहो, अशा मुलांना कुणीतरी संधी द्यायला नको का?" छे! माझा हिशेब वेगळाच होता — जो बोलत नाही, तो पगारावरून भांडणार नाही. आणि झालं काय? पहिल्याच पगाराला त्याने बोटं नाचवली, कपाळाला हात लावला, शेवटी जेवणाचा डबा काखेत मारून चक्क दारापर्यंत गेला. मी हाक मारून काय उपयोग? धावत जाऊन अडवावा लागला. देतो बाबा, देतो! हा तर माझ्याच तालमीतला निघाला. राग आला, पण मनातून असा खूश झालो म्हणता —

गाळ्यात मोटारी सुरू झाल्या की आम्ही सगळेच बहिरे. पूर्वी ओरडून ओरडून घसे बसायचे. विलास आला आणि सगळा गाळा हातांनी बोलायला लागला. प्रत्येकाची त्याने खूण ठरवली. आम्हाला पॉलिशला माल देणारा भांड्यांचा व्यापारी, शेठ, म्हणजे पोटावर गोल फिरवलेला हात. मी म्हणजे कपाळावर मूठ, आणि बोटं फटकन उघडायची — डोकं फुटलं! रामजीत नावाचा आमचा जुना कारागीर म्हणायचा, "मालिक, इसको गूँगा कौन बोला? ये तो रेडियो है, बंद ही नहीं होता." जेवायच्या सुट्टीत शेजारच्या गाळ्यातली माणसं विलासच्या नकला बघायला यायची. हसून हसून घास ठसकायचे. इतकी मजा त्या काळ्या भुकटीत मी आधी कधी पाहिली नव्हती.

आणि अशा माणसाला मी —

सांगतो. एका लग्नाची देण्याघेण्याची ताटं होती, प्रत्येकावर नाव कोरलेलं. मला चमक कमी वाटली. विलासला खूण केली, परत मार. त्याने ताट माझ्यापुढे धरलं, नावावर बोट ठेवलं आणि मान हलवली. परत मोटारीवर धरलं तर कोरलेलं नाव झिजेल, एवढंच तो सांगत होता. मला कळलं नाही का? कळलं. पण माझ्या गाळ्यात, सगळ्यांसमोर, मला नाही म्हणायचं? मी टेबलावर मूठ आपटली. त्याने खांदे उडवले आणि मारलं पॉलिश. ताटं आरशासारखी झाली. नावं अर्धीअधिक पुसली गेली.

शेठ आला तो पेटलेलाच. "ये क्या किया? मैं पार्टी को क्या मुँह दिखाऊँ?" माल द्यायचं बंद करतो म्हणाला. विलास बाजूलाच उभा होता. तो ओठ वाचतो हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी त्याच्याकडे पाठ केली. मुद्दाम केली. आणि म्हणालो, "क्या करूँ शेठ, बहरा है. समझाया था, समझा नहीं."

शेठ विरघळलाच. जन्मात मला एक पैसा न सोडणारा माणूस! "पुण्य का काम करते हो भाई," म्हणाला, वर चहा मागवला. मग मला चटकच लागली. माल उशिरा गेला? विलास. पातेल्याला पोचा आला? विलास.

पुढे वसईच्या एका मोठ्या कारखान्यात त्याचं हेड कारागीर म्हणून जवळजवळ ठरलं होतं. मालकाने शेठला फोन करून विचारलं. मी शेठसमोरच बसलो होतो. शेठ म्हणाला, "लड़का अच्छा है, पर काम बिगाड़ता है." मी काय केलं? चहात बिस्किट बुडवलं. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला. हातचा कारागीर टिकला. त्यानंतर कितीतरी दिवस गाळ्यात हात हलले ते फक्त कामापुरते.

पण तो थांबणारा होता का? पलीकडच्याच गल्लीत त्याने स्वतःचा गाळा टाकला. ऐकू न येणारे दोन मित्र सोबतीला, आणि माझा रामजीतही नेला लबाडाने! पूजेला मला पहिल्या खुर्चीत बसवलं. लोकांनी नकलेचा आग्रह केला. विलासने पोटावर हात फिरवून शेठ केला. कपाळावर मूठ फोडून मला केलं. मग — पाठ फिरवून माझ्यासारखे ओठ हलवले. अन् भिंतीला लावलेल्या चकचकीत ताटांकडे बोट दाखवून ते स्वतःच्या डोळ्याला लावलं.

त्या दिवशी माझ्या गाळ्यातही शेठच्या मागे ताटं उभी होती. विलासनेच चमकवलेली. माझं तोंड त्यांत स्वच्छ दिसलं असणार.

सगळे खो खो हसले. त्यांना ती निव्वळ नक्कल वाटली. विलासही हसत होता. त्याने माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबला आणि बेंजोवाल्यांपुढे ओढत नेऊन मला नाचवलं. मी नाचलो. तोंडात पेढा, डोळ्यांत पाणी, आणि नाचतोय!

माझा राग आहे त्याच्यावर. सगळं दिसलेलं असताना तो माझ्याशी एकदाही भांडला नाही. भांडला असता तर मी घासाघीस केली असती — थोडी चूक माझी, थोडी शेठची, थोडी तुझी. त्याने भावच लावू दिला नाही.

शेठ अजून त्याच पेढीवर बसतो, आणि विलासकडे माल अजून देत नाही. त्या ताटांचा जाब शेठसमोर कुणीतरी द्यायलाच हवा. तो मला द्यायचाय. विलासला तिथे उभं करून, तोंड त्याच्याकडे ठेवून.