रिकामी सीट

कानडी मुलखात, हेब्बाळच्या पुढे, विमान शिकायच्या मैदानाच्या फाटकाशी एक म्हातारा पेरू विकायचा. साठ सालाच्या आसपासची गोष्ट; मी तिथं शिकत होतो. लायसन्ससाठी ठरावीक तास एकट्यानंच विमान उडवावं लागे, आणि हा बाबा रोज एकच पालुपद लावायचा. धोतराला पेरू पुसत, मान तिरकी करून म्हणायचा, "अण्णा, शेजारची सीट रिकामीच आहे की. मला घ्या ना."

"अहो, शेजारी कुणी बसलं तर ते तास धरत नाहीत!"

"स्वल्प सरकून बसतो."

रोज तेच! मी वाऱ्याकडे बघू की याची समजूत घालू? एकदा तर चांगलाच खेकसलो त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरू, पुन्हा तेच.

शेवटी लायसन्स मिळालं. म्हटलं, याची हौस फिटू दे आणि माझी सुटका होऊ दे. "आता माणसं बसवायची परवानगी आहे मला. चला, बसा."

तो दोन पावलं मागे सरला. "नको रे देवा! भीती वाटते मला."

"मग इतके दिवस माझं डोकं कशाला खाल्लंत?"

"तुम्ही एकटे जात होता म्हणून," तो म्हणाला. "आता कुणीतरी असेल ना बरोबर? सरी, ठीक आहे मग."