फॉर्मवरचं ‘नाही’

त्या घरच्या सुनेच्या एका हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या आणि दुसऱ्यात दोनच. त्या पाहतच मी फॉर्मवरचा प्रश्न वाचला, “घरात कुणी मारहाण करतं का?” बायकांच्या छळाची पाहणी करायला मी त्या गावात गेले होते, आणि माझ्या पिशवीतल्या फॉर्मच्या ओझ्याखाली हत्तीसुद्धा बसला असता. सुनेला एकटीला गाठून विचारायचं, हा आमचा नियम. पण चहा घेतला की माणूस नियम विसरतो, आणि मी तर तीन कप घेतले होते. दारात नवरा, शेजारी सासूबाई, ओट्यावर निम्मा तालुका.

“नाही लिहा,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्याकडं झुरळ मारायचं तरी पोरं मला इचारत्यात.”

सगळे हसले. मीही हसले आणि ‘नाही’वर खूण केली. अशा हसण्याचेच पुढे आकडे होतात, आकड्यांचे तक्ते होतात, आणि तक्ता एकदा छापला की त्याच्यापुढे ब्रह्मदेवाचंही काही चालत नाही. बांगड्यांसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

मी निघाले तेव्हा सून हळूच म्हणाली, “ताई, मी एकटी असताना या ना परत.”

नवऱ्यानं ते ऐकलं. मी पायरी उतरले, आणि भर दुपारी माझ्यामागे दाराला आतून कडी लागली.