बांधावरची येडी बाभळ

शिरूर कासारच्या आसपास कुणाच्या शेताला काटेरी कुपाटी घालायची असली की कडूबाईला बोलावणं जातं. बाई साठीची. पण काटे सरकवायची टोकाला दोन फाटे असलेली काठी, म्हणजे बेळकं, हातात आलं की बोराटी काय अन् हिवर काय, मुकाट रचली जाते. चांगल्या गड्यांचे हात सोलून निघतात. हिला ओरखडा नाही.

येडी बाभळ तिच्या खास मायेची. तिला येडी का म्हणतात, यावर आमच्या पारावर जितकी तोंडं तितकी उत्तरं. कुणी लावत नाही तरी उगवते म्हणून, नाहीतर बुडापासून तोडली तरी फुटते म्हणून. कडूबाई म्हणते, "येडी न्हाई ती. वंगाळ नाव ठिवलं की नजर लागत न्हाई. माझ्याआदी तीन लेकरं गेली, म्हून मला कडू केलं. अजून हाय ना मी?"

तिनं आपल्या पोराचं नाव धुळाजी ठेवलं. ऊसतोडीच्या फडात सगळे चिडवायचे, आणि अडतीस वर्षांचा झाला तरी त्याचा आईवरचा राग काही गेला नव्हता.

यंदा उन्हाळ्यात धुळाजीनं बांध साफ करायला जेसीबी आणला. कडूबाई बेळकं घेऊन कोपऱ्यातल्या येड्या बाभळीच्या झुडपापुढं जाऊन उभी राहिली.

"एवढी ऱ्हाऊ दे."

"कावून? लोणचं घालायचंय का तिचं?"

"तुझ्याआदी पोरगी झालती," कडूबाई म्हणाली. "मला माझ्या नावाची लई लाज वाटायची. म्हून तिचं चांगलं नाव ठिवलं, विजयमाला. तेराव्या दिवशी गेली. हितंच पुरली. कुत्र्यांनी उकरू न्हाई म्हून येड्या बाभळीच्या फांद्या टाकल्या. त्यांच्या शेंगा पावसात रुजल्या. मग तुला धुळाजी केलं."

नावानं लेकरू मरत नाही, हे आपल्याला कळतं. पण ही बाई चाळीस वर्षं स्वतःलाच दोष देत कुपाट्या घालत फिरली, याचं मला फार वाईट वाटतं.

जेसीबीवाल्यानं हॉर्न वाजवला. "मालक, घेऊ का कोपरा?"

"न्हाई. तिथं माझी थोरली बहीण हाय."

मग धुळाजीनं आईच्या हातातलं बेळकं घेतलं आणि तोडलेल्या फांद्या झुडपाभोवती रचायला लागला.