निळीची भिंत

नातीनं रंगपेटी उघडली आणि मला शिकवायला बसली, "आजी, निळा कलर थंडा असते अन् केशरी गरम." मला एकदम ओल्या चुन्याचा वास आला.

लग्न होऊन पोंभुर्ण्याला आले, तेव्हा शाळेत शिकलेलं हेच ज्ञान माझ्या डोक्यात ठासून भरलं होतं. उन्हाळ्यात आमची पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापायची. मी सासूबाईंना ठणकावलं, "पाहाच तुम्ही, खोली थंडी करून दाखवतो," आणि चुन्यात कपड्यांची नीळ कालवून अख्खी भिंत रंगवली. शहाणीच मोठी!

दुसऱ्या दुपारी सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "काऊन वो सूनबाई, गोधडी देऊ का?" शेजारणी खिदळल्या. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात सासरे आले, भिंतीला पाठ टेकून बसले आणि म्हणाले, "इथी तं गारगार लागते बाप्पा!"

मग काय, मी गावभर मिरवले. सासरे उन्हाळाभर रोज तिथंच बसले. भिंत गार होती, तर त्यांची बंडी घामानं भिजून निळी कशी व्हायची, हा प्रश्न रोज ती धुताना या शहाणीला एकदाही पडला नाही.