काटक बायकांचं दुखणं

डॉक्टरांनी केसपेपरवरचं माझं आडनाव वाचलं आणि पेन खाली ठेवलं. मी सतरा वर्षांची होते. नया नगरातल्या त्यांच्या दवाखान्यात पोट धरून वाकले होते. पाळीत मला उभं राहता येत नसे.

आई म्हणाली, "बाईच्या जातीला सोसावंच लागतंय, डॉक्टरसाहेब. पण ही लईच कण्हतीय."

"बाईची जात सोडा," ते हसले. "तुमच्या जातीच्या बायका तर काटक. आमच्याकडची कामवाली बाळंत होऊन आठवड्यात भांड्याला आली. ही शिकली, म्हणून नाजूक झाली."

बाकावरच्या दोघी हसल्या. आईही हसली.

पुढे मी काशीमीऱ्याच्या गोदामात पॅकिंगला लागले. दर महिन्याला कळ येण्याआधी त्या डॉक्टरांचा आवाज कानात यायचा. काटक. मग मी खोकी बांधत राहायची. एकदा टेबलाशीच कोसळले.

सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बीजकोशावर, आतड्यावर वाढल्या होत्या. रक्त तिथेही यायचं. त्याला बाहेर वाट नव्हती.

"मी सोसलं म्हणून वाढलं का?" मी विचारलं.

"नाही गं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पेशीत मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू असतात. कुठल्या जनुकाला काम करू द्यायचं, कुठल्याला गप्प बसवायचं, यावर त्यांचा ताबा असतो. या आजारात त्यातल्या काहींचं प्रमाण बिघडलेलं दिसतं. मग भलत्या जागची पेशी मरत नाही. चिकटते, वाढते, स्वतःसाठी रक्तवाहिन्या करून घेते. रक्तातून हे ओळखायचं संशोधन चालू आहे. खात्रीची चाचणी अजून नाही."

"यात जात असते?"

"कसली जात?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. शेजारी बसलेल्या आईला कळलं.

आवाज मात्र गेला नाही. अजून येतो, कळ नसतानाही.

यंदा धाकट्या बहिणीला तसंच दुखू लागलं. भाईंदरचा हा डॉक्टर वेगळा, तरुण. तो आईला म्हणाला, "लग्न झालं की थांबेल. तुमच्यात लवकर करतातच ना?"

आई माझ्याकडे बघत राहिली.

मी खुर्ची पुढे ओढली. "तपासा. आणि सोनोग्राफीत दिसलं नाही, तरी आजार नाही असं म्हणू नका."

"मॅडम, बाहेर पेशंट थांबलेत."

"आम्ही कोण आहोत?"

बहीण ओढणी तोंडात कोंबून बसली होती. मी ती ओढून काढली. म्हटलं, ओरड. दुखतंय तेवढं ओरड. यांना ऐकू दे, बाहेरच्यांना ऐकू दे. तपासल्याशिवाय आपण इथून उठणार नाही.