मामंजींची बॅटरी

लग्नात माझ्या भावाने मला रेडिओ दिला. केळव्यात तेव्हा वीज आली नव्हती, म्हणून रेडिओला जोडायला त्याने एक बॅटरीही दिली. मोटारीत असते तसली काळी, जड, आत तेजाब भरलेली. सासरी आले तेव्हा रेडिओ माझ्या मांडीवर होता आणि बॅटरी बैलगाडीत मागे गवतावर बसली होती.

घरात माणसं मोजकीच. मामंजी म्हणजे माझे सासरे, त्यांची धाकटी विधवा बहीण आत्याबाई आणि मी. आमचे 'हे' तारापूरला वीज तयार करण्याच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं तिथे कामाला होते. बोइसरला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी घरी यायचे. अख्ख्या मुलखाला वीज देणाऱ्या कामावर नवरा आणि घरात कंदील, यावरून माझ्या माहेरचे मला फार छळायचे.

रेडिओ मामंजींना पहिल्या दिवसापासून आवडला नाही. "परका मानूस घरात बसून बोलतो नि त्याला गप पन म्हनता येत नाय," असं ते म्हणाले. बॅटरीवर मात्र त्यांचा जीव जडला. पालघरला बॅटरी चार्ज करून देणारं एक दुकान होतं. तिथे ते पहिल्यांदा गेले आणि दुकानदाराकडून तिचं सगळं पथ्यपाणी शिकून आले. मग आम्हा दोघींना पडवीत बसवून त्यांनी ते समजावलं. "हिला उपाशी ठेवायची नाय नि अजीर्नही होऊ द्यायचं नाय. आतल्या पट्ट्या कायम पान्याखाली बुडालेल्या पायजेत. पानी कमी झालं तर डिस्टिल वॉटर घालायचं, विहिरीचं नाय."

"शहाळ्याचं चालंल?" आत्याबाईंनी विचारलं. "त्याला तर जमीन शिवलेलीसुदा नसते."

मामंजींनी क्षणभर विचार केला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "नाय."

बॅटरीला पडवीत लाकडी पाट मिळाला. तिच्या टोकांवर पांढरी बुरशी धरू नये म्हणून मामंजी त्यांना व्हॅसलिन लावायचे. व्हॅसलिन माझ्या रुखवतातलं.

"दादा, माझ्या टाचा फुटल्यात, त्यांना कदी इचारलंस?" आत्याबाई म्हणायच्या.

खरी पंचाईत रेडिओ लावल्यावर व्हायची. बॅटरी पार उतरेपर्यंत वापरायची नाही, हा नियम. त्यामुळे आवाज जरासा बसल्यासारखा वाटला की मामंजी उठून तार काढायचे. एकदा रेडिओवर नाटक चाललं होतं. खून झालेला, पोलीस आलेले, आता खुनी कोण ते कळणार, एवढ्यात मामंजींनी तार काढली.

"दादा! कोनी मारला ते तरी कळू दे!"

"कोनी मारला त्याने बॅटरी भरनार हाय का?"

आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच उपाय सुचवला. टॉर्चचे सेल मंद झाले की उन्हात ठेवतात, तशी ही बॅटरीही अंगणात ठेवावी. मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. आज माझ्या मुलाच्या घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहे आणि जिन्याखाली त्याच जातीची बॅटरी उन्हावर चार्ज होत असते. आत्याबाई असत्या तर त्यांनी मला त्या जिन्याखाली उभं करून माझ्याकडून माफी वसूल केली असती.

बॅटरी चार्ज करायला पालघरला न्यायची म्हणजे एक यात्राच. बैलगाडीने स्टेशन, मग गाडी आणि सगळा वेळ बॅटरी उभी धरायची, कारण कलंडली की तेजाब सांडणार. तिकडे ती राहायची आणि इकडे घर मुकं. शेवटी आमच्या ह्यांनीच तोड काढली. मनोरच्या एका गॅरेजातून त्यांनी जुन्या मोटारीचा डायनॅमो आणला आणि वाडी शिंपायच्या तेलइंजिनाला पट्ट्याने जोडला. इंजिन चाललं की वाडीला पाणी आणि बॅटरीला वीज. वीज उलटी डायनॅमोत जाऊ नये म्हणून त्यांनी मध्ये कटआउटही बसवला.

मामंजींना तर जहागीर मिळाल्यासारखं झालं. इंजिनाच्या खोपीत त्यांनी नवा कायदा लागू केला. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून वायू निघतो, तो पेट घेतो, म्हणून आत दिवा, काडी, चिलीम काही न्यायचं नाही. दार उघडं ठेवायचं. तेजाब उडालं तर भरपूर पाणी ओतायचं. हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की आत्याबाई भाकऱ्या थापताना ते आरतीसारखं म्हणायच्या.

थंडीतली एक सकाळ. वारा सुटला होता आणि खोपीत वाळू उडत होती. बॅटरीवर धूळ बसू नये म्हणून मामंजींनी दार लावून घेतलं. वाडी शिंपून झाली, इंजिन बंद झालं. मामंजी बाहेर माडाखाली बसले, विडी पेटवली, आणि मग त्यांना आठवलं की आत बुडबुडे येतायत का ते पाहायचं राहिलं. ते उठले, दार उघडून आत गेले आणि बॅटरीवर वाकले. विडी तोंडातच होती.

आम्ही हौदावर कपडे धूत होतो. फाट्कन आवाज झाला. मला वाटलं इंजिन फुटलं. मी जागीच थिजले. आत्याबाई मात्र हातातलं लुगडं टाकून धावल्या. मामंजी दारात उभे होते, चष्म्याची काच ठिपक्याठिपक्यांनी भरलेली, विडी गायब. आत्याबाईंनी त्यांना दंडाला धरून ओढत आणलं आणि सरळ हौदात बसवलं.

"डोळे उघड, दादा! पान्यात डोळे उघड!"

"माझं धोतर..."

"धोतर जळू दे! डोळे उघड आदी!"

त्या माऊलीने भावाचं डोकं किती वेळ पाण्यात बुचकळलं असेल! तेजाब मारायला मी घरातून खाण्याचा सोडा आणला आणि त्यांच्या कपड्यांवर टाकला, तो फसफसून उठला. चष्म्याने डोळे वाचवले होते. मनगटावर लाल चट्टे उठले तेवढेच. मामंजी छातीपर्यंत पाण्यात बसून आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "बघितलंत? मी सांगत नव्हतो?"

आत्याबाई आधी रडल्या आणि मग हसायला लागल्या. हसता हसता हौदाच्या कडेवरच बसल्या. धोतर पुढच्या धुण्यात चाळणी होऊन निघालं.

रविवारी हे घरी आले. मामंजींनी सांगितलं, "बॅटरी फुटली."

"अशी कशी फुटली?"

"जुनी झाली असंल."

"वर्षाची पन नाय ती," आत्याबाई चुलीपासून म्हणाल्या. "नि विडी कुटं गेली ते सांग की पोराला."

फुटलेला कप्पा पालघरला बदलून मिळाला. खोपीचं दार मामंजींनी स्वतः बिजागऱ्यांसकट उखडलं आणि पाण्याची पातळी बघायचं काम आत्याबाईंकडे दिलं. आत्याबाईंनी ते घेतलं, आणि पाहता पाहता त्या मामंजींपेक्षा कडक झाल्या. बॅटरी किती भरली ते कळायला काचेच्या नळीत तेजाब ओढून त्यातला तरंगता काचेचा फुगा किती वर येतो, ते डोळे बारीक करून पाहायच्या. त्यांचं नाव पसरलं. सातपाटीहून मासळी विकायला येणारी एक बाई तिच्या नवऱ्याच्या होडीवरच्या दिव्याची बॅटरी घेऊन आली.

"चार दिस ऱ्हाऊ दे," आत्याबाईंनी वैद्याच्या थाटात सांगितलं. "लई दमवलीत तुमी हिला."

बॅटरी नेताना त्या बाईने टोपलीतून दोन मोठे पापलेट काढून आमच्या ओट्यावर ठेवले. दुपारी जेवताना मामंजींनी कालवण पुन्हा वाढून घेतलं आणि बहिणीकडे न बघता विचारलं, "आनखी कोनाकोनाच्या होड्यांवर दिवे हायेत, जरा इचारून ठेव ना."